‘माझ्या मुलीला त्या धड्यातून वगळा’ असा अर्ज देता येतो का?

आदरणीय ताई,

मी नाशिकला मखमलाबादकडे राहतो. दिंडोरी तालुक्यात थोडी द्राक्षबाग आहे. घर वारकऱ्यांचं, वडील माळकरी. सध्या ते निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरच्या वाटेवर आहेत. मुलगी अनुदानित मराठी शाळेत यंदा दहावीला आहे. विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. तो सुरू झाला त्या संध्याकाळी ती आजोबांना म्हणाली, ‘बाबा, आपण माकडापासून झालो.’ वडिलांनी विचारलं, ‘कुणी पाहिलं?’ तर म्हणाली, ‘सर म्हणतात, ज्यांना हे पटत नाही त्यांच्या घरी अजून कंदील लावतात.’ गळ्यात माळ असलेल्या एका मुलाकडे बघून सर हे बोलले आणि वर्ग हसला. वडील काही बोलले नाहीत, पण वारीला निघेपर्यंत नातीशी मोजकंच बोलत होते.

आता पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अर्ज फिरतोय. हरकत असलेल्या पालकांच्या मुलांना हा धडा शिकवू नये, नाहीतर सोबत आपल्या शास्त्रातली सृष्टीची उत्पत्तीही शिकवावी, अशी मागणी आहे. केंद्र सरकारने डार्विन पुस्तकातून काढलाच आहे, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही पालकांना हा हक्क दिलाय, उत्क्रांती थोतांड आहे आणि तशीही ती आपल्या दशावतारात आधीच सांगितलेली आहे, असं त्यात लिहिलंय. बऱ्याच जणांनी सह्या केल्या. मुलगी म्हणते, ‘पप्पा, तुम्ही सही केली तर मी शाळेत जाणार नाही.’ तिला बारावीनंतर वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा द्यायची आहे.

पोर आमची, फी आमची, संस्कार आमचे. मग तिला काय शिकवायचं हे ठरवायचा हक्क आमचा का नाही? सही करू की नको?

– एक पालक, मखमलाबाद

*

सही करू नका. पण शाळेत मात्र नक्की जा.

तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. एक धड्याबद्दलची, दुसरी कंदिलाबद्दलची. वडिलांना जे लागलं ते डार्विनमुळे लागलं असं मला वाटत नाही. नात आपल्याला अडाण्यांत काढते आहे, आणि तेही मास्तरांचे शब्द वापरून, हे त्यांना लागलं. गंमत अशी की ग्रुपवरच्या अर्जात याबद्दल अवाक्षर नाही. जिथे तुमची बाजू पक्की आहे ती जागा अर्जाने मोकळी सोडली आणि जिथे पाय टेकायला जमीन नाही तिथे सगळ्यांना उभं केलं.

आधी हक्काचं बोलू, कारण तुमचा प्रश्न रास्त आहे.

आपल्या राज्यघटनेत मुलांच्या शिक्षणासंदर्भात पालकांच्या संमतीचा थेट उल्लेख आहे, तो कलम २८ मध्ये. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत ते दिलं जात असेल, तर मुलाच्या पालकाची संमती असल्याशिवाय त्याला तिथे बसवता येत नाही. प्रार्थना-उपासनेचंही तसंच. म्हणजे घटनाकारांनी पालकांच्या हातात नकाराचा अधिकार दिला आहे, पण तो धर्मशिक्षणापुरता. विज्ञान, इतिहास, गणित यांना तो लागू नाही. आता तुमच्या ग्रुपवरची दुसरी मागणी बघा: आपल्या शास्त्रातली उत्पत्तीही वर्गात शिकवा. ती मान्य झाली, तर ग्रुपमधल्या ज्या पालकांचं ‘आपलं शास्त्र’ वेगळं आहे, ते दुसऱ्या दिवशी कलम २८ घेऊन मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभे राहतील आणि त्यांचं म्हणणं बरोबर असेल. जुन्या नाशकातल्या किंवा देवळालीतल्या एखाद्या शाळेचा एक वर्ग डोळ्यासमोर आणा. किती घरांच्या किती उत्पत्त्या शिकवायच्या?

अभ्यासक्रम ठरवण्याचं काम राज्याच्या शैक्षणिक यंत्रणेचं, दहावीच्या परीक्षेचं राज्य मंडळाचं आणि पुस्तकांचं बालभारतीचं. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, आणि एकूण समितीत निम्म्या महिलांना. ही समिती शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवते, विकास आराखडा करते, अनुदान कुठे गेलं ते विचारते. शिक्षक वेळेवर येतात का, स्वच्छतागृहाला कडी आहे का, हे विचारायचा तिला अधिकार आहे, अनुदानित शाळेत तिचं काम सल्ल्यापुरतं असलं तरी, आणि हे विचारणारे पालक मला फार कमी भेटले. पण कुठला धडा शिकवायचा हे तिच्या हातात नाही. श्रद्धेच्या कारणावरून एखादा धडा गाळून परीक्षा देण्याची सवलत राज्य मंडळात नाही. प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच येते.

तरीही तुम्ही म्हणाल, कोर्टाने श्रद्धेसाठी मुलांना सूट दिल्याचं आम्ही ऐकलंय. ऐकलंय ते बरोबर आहे. केरळमधल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत म्हणत नाहीत म्हणून शाळेतून काढलं होतं. ती यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाची होती. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. बिजो इमॅन्युएल खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. पण ती मुलं काय करत होती ते बघा. राष्ट्रगीत सुरू झाल्यावर ती बाहेर जात नव्हती. इतरांबरोबर आदराने उभी राहात होती, फक्त स्वतः गात नव्हती. न्यायालयाने त्यांच्या तोंडून जबरदस्तीने काही वदवून घेऊ दिलं नाही. शाळेचं राष्ट्रगीत बंद केलं नाही की त्या वेळी मुलांना दुसरीकडे बसवा असं सांगितलं नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत हाच हिशोब लावा. ‘माझा यावर विश्वास आहे’ असं तिच्याकडून कुणी वदवून घेऊ लागलं, तर भांडा. मी तुमच्या बाजूने असेन. पण ‘अवशेषांगे म्हणजे काय ते सांगून दोन उदाहरणे द्या’ या प्रश्नात विश्वास कुणी विचारलेला नाही. आंत्रपुच्छ आणि माकडहाड लिहायचं, गुण घ्यायचे.

आता त्या अर्जातल्या बातम्या.

केंद्राने डार्विन काढला, हे अर्धं खरं आहे. केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातला उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाचं नुसतं ‘आनुवंशिकता’ झालं. कोविडनंतर अभ्यासाचं ओझं कमी करायचं, असं कारण दिलं होतं. एप्रिल २०२३ मध्ये १८०० हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध खुलं पत्र काढलं. मला विचाराल तर तो निर्णय वाईटच होता, कारण दहावीनंतर कॉमर्सला किंवा आयटीआयला जाणाऱ्या मुलांची या विषयाशी पुन्हा गाठ पडत नाही. पण एनसीईआरटीच्याच बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचं पूर्ण प्रकरण आहे आणि नीटच्या अभ्यासक्रमातही ते आहे. आपल्या बालभारतीच्या पुस्तकात तर तो पहिला धडा आहे. तेव्हा ‘काढलाच आहे’ म्हणून तुमच्या मुलीची सुटका नाही. तिला नीट द्यायची असेल तर हा धडा चुकवून तिचंच नुकसान.

अमेरिकेचंही तसंच अर्धवट. जून २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी पालकांच्या बाजूने कौल दिला हे खरं. मेरिलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीतले मुस्लिम आणि ख्रिस्ती पालक कोर्टात गेले होते. वाद प्राथमिक शाळेतल्या गोष्टींच्या पुस्तकांचा होता, ज्यांत समलिंगी पात्रं होती. अशी पुस्तकं वाचायच्या आधी पालकांना कळवा आणि त्यांची हरकत असेल तर मुलांना त्या वेळी बाहेर राहू द्या, असं न्यायालयाने सांगितलं. दहावीच्या विज्ञानाशी त्याचा संबंध नव्हता, आणि तो निकाल अमेरिकेच्या घटनेवरचा आहे. पंचवटीत तो चालत नाही.

त्याच देशात या भांडणाला शंभर वर्षं झाली. १९२५ साली टेनेसी राज्यातल्या डेटन गावात जॉन स्कोप्स नावाच्या तरुण शिक्षकावर उत्क्रांती शिकवली म्हणून खटला चालला आणि १०० डॉलर दंड झाला. पुढे तांत्रिक मुद्द्यावर ती शिक्षा रद्द झाली. सरकारी बाजूने उभे होते विल्यम जेनिंग्ज ब्रायन, तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढलेले. त्यांचं म्हणणं जवळजवळ तुमचंच होतं: शाळेचा पगार पालकांच्या करातून जातो, तेव्हा काय शिकवायचं हे पालकच ठरवतील. ऐकायला बिनतोड वाटतं. पण ‘पालक’ म्हणजे कोण? पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावात शाळा मंडळाने २००४ साली ठरवलं की उत्क्रांतीला पर्याय म्हणून कुणा ‘बुद्धिमान रचनाकारा’ची कल्पना आहे, हे जीवशास्त्राच्या तासाला मुलांना वाचून दाखवायचं. त्याविरुद्ध कोर्टात गेले ते अकरा पालकच. आमच्या मुलांच्या विज्ञानाच्या तासाला धर्म घुसवू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. डिसेंबर २००५ मध्ये ते जिंकले. निकालाच्या आधीच झालेल्या निवडणुकीत गावाने मंडळाचे उमेदवार घरी बसवले होते, आणि विरोधी बाजूच्या वकिलांची दहा लाख डॉलरची फी शेवटी शाळेच्याच पैशातून गेली. तुमच्या ग्रुपवरच्या सह्या हे सगळ्या पालकांचं मत नव्हे. ज्यांनी सही केली नाही ते गप्प आहेत इतकंच.

आपल्याकडेही कुणीतरी थेट दिल्ली गाठली होती. डार्विनचा सिद्धांत आणि आइन्स्टाइनचं समीकरण दोन्ही चूक आहेत, अशी याचिका ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली. तुम्हाला ते चूक वाटत असेल तर स्वतःचा सिद्धांत मांडा, त्यासाठी इथे येता येणार नाही, अशा आशयाचं सांगून न्यायालयाने ती फेटाळली.

आणि दशावतार. तुमच्या अर्जात एकाच परिच्छेदात लिहिलंय की उत्क्रांती थोतांड आहे आणि ती आमच्याकडे आधीच सांगितलेली आहे. दोन्ही एकदम कसं खरं असेल? जे थोतांड आहे ते आपल्या पूर्वजांनी आधी सांगितलं म्हणून मिरवायचं का? मासा, कासव, वराह, नरसिंह, वामन या क्रमाचं साम्य जे. बी. एस. हाल्डेन यांनाही दिसलं होतं. १९५७ मध्ये भारतात आलेले, पुढे इथले नागरिक झालेले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारलेले हे मोठे उत्क्रांतिशास्त्रज्ञ. पण त्यांनी संशोधन केलं ते गणितं मांडून. अवतारकथा भगवंत कशासाठी येतो ते सांगतात. मासा पाण्याबाहेर कसा आला, हे सांगायचा त्यांचा दावाच नाही. त्यांना दहावीच्या परीक्षेला बसवून तुम्ही त्यांचा मान वाढवत नाही.

सरांबद्दल आता. ‘आपण माकडापासून झालो’ असं जर ते खरंच म्हणाले असतील, तर त्यांनी विज्ञानही चुकीचं शिकवलं. मी बरीच वर्षं हाच विषय शिकवला आहे, त्यामुळे हे वाक्य ऐकलं की माझा हात अजून खडूकडे जातो. आजची माकडं आपले पूर्वज नाहीत. चिंपांझी आपला चुलत भाऊ. त्याचा आणि आपला पणजोबा एक, आणि तो पणजोबा चिंपांझी नव्हता की माणूसही नव्हता. दोन घरं वेगळी झाली त्याला साधारण ६० ते ७० लाख वर्षं झाली. ‘मग माकडांची माणसं आता का होत नाहीत?’ हा ग्रुपवरचा लाडका प्रश्न इथेच संपतो: चुलत भावाने तुमच्यासारखं का व्हावं?

बालभारतीच्या पुस्तकावरही माझा राग आहे, तोही सांगून टाकते. माणसाची गोष्ट तिथे अजून ‘रामापिथिकस’ या जीवाश्मरूपात सापडलेल्या वानरापासून सुरू होते. १९८० च्या दशकातच संशोधकांनी त्याला माणसाच्या थेट वंशावळीतून काढलं. तो शिवालिकमधल्या सिवापिथेकसचाच प्रकार ठरला आणि त्याचं नातं ओरांगउटानशी निघालं. पालकांना पुस्तकाविरुद्ध अर्जच करायचा असेल तर हा करा, पुण्याला बालभारतीकडे. पुराव्यासह चूक दाखवायला कुणाचीच मनाई नाही. परीक्षेत मात्र मुलीने पुस्तकातलंच लिहावं. तपासणाऱ्याशी वाद घालायची ती जागा नव्हे.

खरं तर हा धडा वर्गातल्या कुणापेक्षाही तुम्हाला जास्त चांगला समजेल, कारण तुम्ही बागायतदार आहात. मृगाचा पाऊस लागला की डावणीची, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाची, धास्ती असते. एखादं बुरशीनाशक पहिल्या वर्षी जादूसारखं चालतं. तेच, त्याच गटाचं, लागोपाठ मारत राहिलात की काही हंगामांनी डोस वाढवूनही पानामागची पांढरी बुरशी हटत नाही. सल्लागार सांगतो, गट बदला, आलटून-पालटून मारा. शेतकरी म्हणतो, बुरशीला औषधाची सवय झाली. सवय झालेली नसते. बागेतल्या कोट्यवधी बीजाणूंत दोन-चार असे असतात, ज्यांच्यात आधीपासूनच काही बारीक फरक असतो आणि त्यामुळे ते औषध त्यांना लागत नाही. फवारणीत बाकीचे मरतात, हे उरतात. पुढची पिढी यांची. पुन्हा तेच औषध, पुन्हा तीच निवड. शेवटी सगळी बाग यांच्याच वंशाची. ब्लोअर चालवणारे तुम्हीच, आणि निवड करणारेही तुम्हीच. तशी इच्छा नसताना. यालाच मुलीच्या पुस्तकात नैसर्गिक निवड म्हटलंय. औषधाऐवजी थंडी, दुष्काळ, शिकारी प्राणी धरा आणि काही हंगामांऐवजी कोट्यवधी वर्षं.

‘सवय झाली’ हा समज तिच्या धड्यातल्या लॅमार्कच्या बाजूचा आहे. मान ताणून ताणून जिराफाची मान लांब झाली, तो. डार्विन म्हणतो, लांब मानेचे आधीच होते, ते टिकले. हा फरक ज्याला कळला त्याला धडा कळला, आणि औषधाचा गट का बदलायचा तेही कळलं.

निवड तुम्ही मुद्दामही करता. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन या द्राक्षाच्या जाती थॉमसन सीडलेस या जातीतूनच आल्या. आपल्या महाराष्ट्रातल्या बागायतदारांनी हजारो वेलींत वेगळी दिसणारी वेल, वेगळी फांदी हेरली आणि तिची काडी वाढवली. १८५९ साली छापलेल्या आपल्या ग्रंथाची सुरुवात डार्विनने दूरच्या बेटांवरून केली नाही. पहिलं प्रकरण पाळीव जनावरं आणि लागवडीच्या झाडांवर आहे; माणूस कबुतरं कशी निवडतो, झाडं कशी निवडतो यावर. त्याला मोहाडी-पिंपळगावच्या बागायतदारांशी गप्पा मारायला आवडलं असतं.

वडिलांचा प्रश्न राहिला: कुणी पाहिलं? हा प्रश्न विचारणारे ते एकटे नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह नेमकं हेच म्हणाले होते, की माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठे लिहिलेलं नाही, तेव्हा अभ्यासक्रम बदला. देशातल्या तिन्ही प्रमुख विज्ञान अकादमींनी मिळून निवेदन काढून ते खोडलं आणि त्यांचेच वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्यांना अशी विधानं टाळायला सांगितलं. तुमचे वडील मंत्री नाहीत, त्यांना प्रश्न विचारायचा अधिकार जास्त आहे, आणि उत्तर नीट मिळायलाही हवं. होताना कुणी पाहिलं नाही. जे मागे राहिलं ते पाहिलं. नर्मदेच्या काठी, मध्य प्रदेशात हाथनोरा गावाजवळ डिसेंबर १९८२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकियांना कवटीचा वरचा भाग सापडला. आजच्या माणसाचा नाही, पण माणसाच्या कुळातला. वारकऱ्यांत परिक्रमा केलेले कितीतरी असतात. त्याच नदीच्या गाळातला तो ऐवज. आणि लांब कशाला, आज जिथे आपलं गंगापूर धरण आहे, त्या परिसरात गोदेच्या गाळ-गोट्यांतून डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळियांनी पुराश्मयुगातल्या दगडी हातकुऱ्हाडी शोधल्या. १९५२ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. ज्या गोदावरीत आपण सिंहस्थाला डुबकी घेतो, तिच्या काठावर शेतीही माहीत नसलेली माणसं दगड घडवत बसत होती. वडिलांना हे सांगून बघा. मला वाटतं त्यांना राग येणार नाही.

यासाठी त्यांना माळ उतरवावी लागत नाही, आणि मुलीलाही देव सोडावा लागत नाही. थिओडोसियस डॉबझान्स्की हे विसाव्या शतकातले थोर उत्क्रांतिशास्त्रज्ञ श्रद्धाळू ख्रिस्ती होते, हाल्डेन नास्तिक. दोघांचं जीवशास्त्र एकच. घरात हरिपाठ तुम्ही शिकवा. त्यात शाळेने नाक खुपसू नये, आणि सरांनी नेमकं तेच केलं.

म्हणून शाळेत जा. ग्रुप घेऊन नाही, एकटे. त्याआधी मुलीला विचारा, कारण सोमवारी त्या वर्गात तिला बसायचंय, तुम्हाला नाही. ती पंधरा वर्षांची आहे. ‘तू सांगितलंस असं कळू न देता बोलू का?’ एवढं विचारण्याइतकी मोठी. आधी सरांनाच भेटा. म्हणा, ‘सर, धडा पूर्ण शिकवा, एक ओळही गाळू नका. पण आमच्या घरच्या माळेवर वर्ग हसला, ते मला चाललं नाही.’ बहुतेक शिक्षक इथेच वरमतात. दहावीचा वर्ग ताब्यात ठेवायला एखादा विनोद तोंडातून निसटतो, आणि तो कुणाच्या घरी जाऊन पडला हे त्यांना कळलेलंच नसतं. पुन्हा असं झालं तर मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ विद्यार्थ्यांच्या मानसिक छळाला मनाई करतं. तो कायदा १४ वर्षांपर्यंतच्या मुलांचा आहे हे खरं, पण ‘मुलगी पंधराची झाली, आता टोमणे चालतात’ असं म्हणणारा मुख्याध्यापक मला तरी माहीत नाही.

ज्या मुलाकडे बघून सर बोलले, त्याच्या घरी एक फोन करा. त्याचं नाव कुठल्या अर्जात न घालता.

ग्रुपवर वाद घालू नका, तिथे कुणी कुणाचं ऐकत नाही. ‘मी धड्याच्या विरोधात सही करणार नाही. वर्गात कुणाच्याही श्रद्धेची टिंगल होऊ नये, एवढं मी सरांशी बोलतोय’ असं लिहा आणि फोन बाजूला ठेवा. तुमच्यासारखं वाटणारे पण गप्प बसलेले चार जण तुम्हाला वेगळा मेसेज करतील, बघा.

मुलीशीही एक बोलायचं आहे, आणि त्यात तिची चूक तिला दाखवायची आहे. धडा तिने सांगितला ते ठीक, पण कंदिलाचं वाक्य तिने आजोबांच्या तोंडावर टाकलं, ते पुस्तकात नव्हतं. आषाढी करून ते परत येतील तेव्हा तिने त्यांना हा धडा पुन्हा सांगावा, या वेळी कंदील वगळून आणि चुलत भाऊ घालून. त्याआधी रविवारी तिला बागेत न्या, डावणी पडलेलं पान उलटं करून दाखवा आणि विचारा, औषध का लागू पडत नाही? ‘सवय झाली’ म्हणाली, तर धडा पुन्हा वाचायला लावा.